कोकरू घेऊन उठणं

आमच्या घरात म्हातारपण वयावरून ठरत नाही. ते ठरवायची एक रीत आहे आणि तिचा दिवस वर्षातून एकदाच, दिवाळी सरली की येतो. त्या दिवशी कोकरांचं जावळ काढतात. जावळ म्हणजे कोकराच्या अंगावरची पहिली, मऊसूत लोकर. कळपाचा धनी घोंगडीवर उकिडवा बसतो, एक कोकरू मांडीत घेतो, कातरीनं त्याचं जावळ उतरवतो आणि मग तेच कोकरू दोन्ही हातांत धरून उभा राहतो. हात भुईला टेकायचा नाही, कोकराचा पाय मातीला लागू द्यायचा नाही, कुणी आधार द्यायचा नाही. उठला, तर पुढचं वर्ष कळप त्याचा. नाही उठला, तर त्यानं काठी दुसऱ्याच्या हातात द्यायची. माझ्या पणजोबांनी ती आजोबांना अशीच दिली आणि आजोबांनी अण्णांना. दुसऱ्या कुणा मेंढपाळाच्या घरी ही रीत असल्याचं मी ऐकलेलं नाही. असलीच, तर त्यांनी मला सांगू नये, कारण मी ती आमचीच म्हणून जन्मभर मिरवत आले आहे.

मी लोहाऱ्याच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माहेर माकणीचं, धरणाच्या काठचं. अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे, आई सत्तरीला टेकलेली, आणि मेंढरं साठेक. धाकटा भाऊ तहसीलमध्ये कारकून आहे. तोही लोहाऱ्यालाच राहतो आणि त्याला मेंढरांचा वास आला तरी शिंका येतात. म्हणजे अण्णांनी काठी खाली ठेवली, तर ती उचलायला घरात कुणी नव्हतं. कळप विकावा लागला असता. आणि कळप गेल्यावर अण्णा दिवसभर करतील काय?

गेल्या खेपेच्या जावळाला अण्णा उठले खरे, पण उठताना त्यांचा डावा हात क्षणभर घोंगडीला टेकला. मी पाहिलं, भावानं पाहिलं. आईनं तर नक्की पाहिलं, कारण त्याच क्षणी तिला लिंबाच्या झाडावर काहीतरी बघण्यासारखं दिसलं. घोंगडी म्हणजे भुई नव्हे, अशी मी मनातल्या मनात वकिली केली आणि पुरणपोळीवर ताव मारला.

वैशाखात मात्र झाकली मूठ उघडली. धरणाचं पाणी मागं सरलं की जी गाळाची जमीन मोकळी होते, तिथं अण्णा मेंढरं चारत होते. एका मेंढीच्या खुरात काटा मोडला, म्हणून ते उकिडवे बसले. काटा निघाला, पण अण्णा काही निघेनात. काठी रोवली, तर ती भेगेत गेली. एका गुडघ्यावर येऊन पाहिलं, दोन्ही गुडघ्यांवर येऊन पाहिलं. शेवटी त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या मेंढ्याच्या मानेला मिठी मारली. तो बिचारा दचकून पळाला आणि त्याच्या ओढीनं अण्णा उभे राहिले. पाण्यात जाळं टाकून बसलेल्या एकानं हे सगळं पाहिलं आणि हॉटेलात चहा पिता पिता तिखटमीठ लावून सांगितलं. जीपमधल्या माणसांनी ती गोष्ट लोहाऱ्याला नेली. भावाच्या टेबलापर्यंत ती पोचली, तेव्हा अण्णा मेंढ्यावर बसून गावात आले होते.

मला वाटलं भाऊ चिडेल. त्याचा फोन आला, तेव्हा आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाला, "आक्का, ते मेंढरू तिथं नसतं तर? कुणीच नसतं तर?" मग त्यानं सांगून टाकलं की एक गिऱ्हाईक बघून ठेवलं आहे. यंदाच्या जावळाला अण्णा नीट उठले, तर तो पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही उठले, तर दुसऱ्या दिवशी कळप जाणार. रीत आपल्याच घरची आहे, आपण ती मोडायची नाही, असंही वर म्हणाला. अण्णांना हे कळलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली. रीतीपुढं त्यांचंही काही चाललं नसतं.

मग मी कामाला लागले. मला एक खोड आहे. कुणाला काही झालं की मी आधी उपाय सांगते आणि मग विचार करते. अण्णांना घेऊन डॉक्टरकडे गेले, गुडघ्यांचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, गुडघे या वयाला छानच आहेत, मांड्या तेवढ्या सुकल्यात. मी ते नीट ऐकलं नाही. दूध वाढवलं, बदाम आणले आणि रोज पहाटे तासभर चालायला जायचं, असा हुकूम सोडून जीपनं लोहाऱ्याला परत आले. अण्णा माझा शब्द मोडत नाहीत. आठ दिवस ते पहाटे तासभर चालून आले आणि मग रोजच्यासारखे मेंढरांबरोबर दिवसभर चालले. पुढच्या रविवारी आईनं मला चहा दिला आणि समोर बसून शांतपणे विचारलं, "माशाला पव्हायला धाडतीस व्हय गं?"

माझे कान लाल झाले. अण्णांच्या खिशात मी एकदा पावलं मोजणारा मोबाईल टाकून पाहिला होता. आमचे खेळाचे सर आठवड्यात चालत नाहीत, तेवढं अण्णा दोन दिवसांत चालत होते. अशा माणसाला मी पहाटफेरीवर धाडलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण माझ्यासाठीच काढली असावी.

त्या दुपारी मी आईची मापाची पट्टी घेतली आणि अण्णांना बाजेवर बसवून त्यांची पोटरी मोजली, मग धोतरावरूनच मांडी मोजली. पोटरी दगडासारखी, घट्ट आणि गोल. मांडी ढिली, पोटरीपेक्षा जेमतेम चार बोटं जास्त. एकाच पायात दोन माणसं राहत असावीत, एक पन्नाशीचं आणि एक नव्वदीचं. आई पदर तोंडाला लावून हसत होती. तिच्या मते मास्तरीण झालेली लेक बापाच्या तंगड्या मोजत बसली, हेच शिक्षणाचं सार्थक.

लोहाऱ्याला आल्यावर मी पुस्तकं काढली. जे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, तेच पुन्हा वाचलं आणि पहिल्यांदाच ते अण्णांच्या पायांत बघितलं. मग पुढच्या रविवारी चुलीपुढं बसून दोघांना सांगितलं. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात, इंग्रजी शाळेतली पोरं त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. त्या म्हणजे बारक्या बारक्या चुली, खाल्लेल्या भाकरीची ताकद त्यांच्यावर शिजते. स्नायू मात्र सगळे सारखे नसतात. पोटरीच्या आत एक सपाट स्नायू असतो, तो माणूस उभा असेतोवर काम करतो. त्याचे तंतू संथ, आणि त्यांच्यात चुली खच्चून भरलेल्या. मंद आचेवर दिवसभर चालतात, दमत नाहीत. मांडीच्या पुढच्या स्नायूत चपळ तंतू पुष्कळ. उठणं, उचलणं, उडी मारणं ही त्यांची कामं. त्यांच्यात चुली थोड्या. ते काडाच्या आगीसारखे भडकतात आणि पटकन विझतात. वय झालं की चुली धुरकटतात, आच कमी देतात आणि धूर जास्त करतात. त्यातही हे चपळ तंतू आधी बारीक होतात, पोटरीतले संथ तंतू बराच काळ तग धरतात. शास्त्रज्ञांचं या सगळ्यावर अजून एकमत नाही, हेही मी प्रामाणिकपणे सांगितलं. वयानं किती गेलं आणि न वापरल्यानं किती, हे वेगळं काढणं कठीण असतं.

अण्णांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, म्हणजे पोटरीत रोजची स्वयंपाकीण राहते आणि मांडीत नुसते पाव्हणे. मी म्हटलं, अगदी तसंच. पंचवीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं इतकं नेमकं उत्तर दिलेलं नाही.

आई भाकरी थापत होती. तिनं वर न बघता विचारलं, "अन् त्या चुलीतली राख कोण काढतं?"

खरा प्रश्न तोच होता आणि वर्गात मी त्यावर कधी दोन मिनिटंसुद्धा थांबले नव्हते. पेशी आपल्या मोडक्या चुली स्वतःच मोडून काढते आणि नव्या घालते. वयानं ही साफसफाई मंदावते. मात्र स्नायूला काम पडलं की ती पुन्हा जोर धरते, म्हातारपणीसुद्धा, थोडीफार का होईना. मी हे सांगितलं तेव्हा आईनं भाकरी तव्यावर टाकली, पीठ झटकलं आणि उठून उभी राहिली. हात न टेकता, हूं की चूं न करता, बोलता बोलता. "मंग काम पाडू की," म्हणाली आणि पाण्याची घागर आणायला गेली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. सत्तर वर्षांची माझी आई दिवसात शंभर वेळा उकिडवी बसते आणि शंभर वेळा उठते. खुरपायला, झाडायला, चुलीपुढं, लेंड्या गोळा करायला. मेंढरांचा वाडा ती रोज वाकून आणि बसून साफ करते. अण्णा मात्र बसतच नाहीत. मेंढपाळ माणूस काठीवर हनुवटी टेकून, एक पाय दुसऱ्या गुडघ्याला लावून तासन्‌तास उभा राहतो. भाकरी खायची तर बांधावर टेकतो. पूर्वी निदान सकाळचा विधी आणि जेवण यांपुरतं तरी बसणं होतं. तीन वर्षांपूर्वी भावानं कौतुकानं घरात कमोड बसवला आणि अण्णांसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली, तेव्हापासून तेही संपलं. अण्णांच्या मांड्या त्या खुर्चीनं खाल्ल्या. आई खुर्चीत बसत नाही, तिला त्यावर आपण पाहुणी असल्यासारखं वाटतं.

मी उत्साहाच्या भरात आईचं कौतुक करायला लागले, तर अण्णांनी हळूच सांगितलं की हीच बाई धरणाच्या बांधावर चढताना चार ठिकाणी थांबते आणि किराणा आणायलासुद्धा मोटारसायकलवाल्याला हात करते. आईनं ते नाकारलं नाही. म्हणजे एकाला उठता येत नव्हतं आणि दुसरीला चालवत नव्हतं. दोघांचं मिळून एक धडधाकट माणूस झालं असतं. त्यावर दोघांनी माझ्यासमोर करार केला. तिनं त्यांना उठायला शिकवायचं, त्यांनी तिला चालायला.

आईची शिकवण्याची पद्धत माझ्यापेक्षा चांगली निघाली. पहिले पंधरा दिवस बाजेवरून उठायचं, हात छातीशी बांधून. मग लाकडी स्टुलावरून. मग पालथ्या घमेल्यावरून. मग पाटावरून. शेवटी भुईवरून. दर खेपेला आसन थोडं खाली. अण्णा पाठ ताठ ठेवून उठायला बघायचे आणि मागं कलंडायचे. आई म्हणायची, "नाकाचा शेंडा फुडं आणा, मंग बूड वर येतंय." हे एक वाक्य शिकवायला मला फळ्यावर तीन आकृत्या लागल्या असत्या. एक दिवस काम आणि एक दिवस आराम, हाही तिचाच नियम. अण्णांना रोज करायचं होतं, तिनं करू दिलं नाही. सुरुवातीला हे सगळं दार लावून चालायचं, लोक हसतील म्हणून. शेजारणीला वाटलं, म्हातारा-म्हातारीचं भांडण चाललंय, कारण आतून आईचा मोजण्याचा आवाज यायचा आणि अण्णांचं कण्हणं.

अण्णांनी तिला बांधावर नेलं. पहिल्या रविवारी मी गेले, तर घराला कुलूप. शोधत धरणाकडं गेले, तर दोघं बांधावर. अण्णा पुढं, आई वीस पावलं मागं, आणि ती तिथून त्यांना ओरडून सांगत होती की मी मेंढरू नव्हे. त्यांना हळू चालताच येत नव्हतं. पन्नास वर्षं ते पुढं चालले होते आणि मागं मेंढरं होती. बाई बरोबर असली की कोणत्या चालीनं चालायचं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. श्रावणात पुन्हा पाहिलं, तर दोघं बरोबरीनं चालत होते. अण्णांनी पावलं लहान केली होती आणि आईचा श्वास लांब झाला होता. आई काहीतरी सांगत होती, अण्णा हसत होते. मी हाक मारली नाही, उलट्या पावली घरी येऊन चहा टाकला. मला फार बरं वाटलं. आईवडिलांना एकत्र चालताना मी त्याआधी पाहिलेलंच नव्हतं.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. भादव्यात अण्णा पाटावरून उठताना मागं आपटले. लागलं नाही, पण मन खट्टू झालं. नेमका भाऊ त्या दिवशी घरी आला होता, त्यानं पाहिलं आणि पाणीसुद्धा न घेता निघून गेला. अण्णांनी तेव्हापासून उठणं बंद केलं. विचारलं की म्हणायचे, रीत खरी हाय, वय झालं की झालं. मी फोनवर पुष्कळ समजावलं. चुली, राख, तंतू, सगळं पुन्हा सांगितलं. ते हो हो म्हणायचे आणि फोन आईकडं द्यायचे.

आईनं एका शब्दानं समजावलं नाही. तिनं खुर्ची उचलली आणि माळ्यावर टाकली. बाज धुवायची आहे म्हणून उभी करून ठेवली. आणि जेवणाचं ताट भुईवर वाढलं. पहिल्या दिवशी अण्णांनी उभ्यानं भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशीही. पातळ कालवण उभ्यानं खाता येत नाही, म्हणून आईनं तिसऱ्या दिवशी मुद्दाम पातळ कालवण केलं. अण्णा बसले. जेवले. मग भिंतीला पाठ लावून, शिव्या देत देत, हात न टेकता उठले. शिव्या कुणाला होत्या, ते आईनं मला सांगितलं नाही, पण सांगताना ती इतकी हसली की फोन हातातून पडला.

त्यानंतर वजन आलं. आधी पिठाचा डबा, मग कोकरू. आषाढात जन्मलेलं एक काळं कोकरू आईनं या कामाला लावलं. ते दिवसेंदिवस वाढत होतं, त्यामुळं अण्णांचं ओझंही आपोआप वाढत होतं. अण्णा तक्रार करायचे की हे गवत खाऊन नव्हे, माझ्याच मांडीवर बसून फुगायला लागलंय. कोकराला या प्रकाराची इतकी सवय झाली की अण्णा बसले की ते स्वतःच येऊन मांडीत शिरायचं. मी दसऱ्याला पुन्हा पट्टी लावली. मांडी बोटभर भरली होती. बोटभरच. पण हाताला ती आता ढिली लागत नव्हती.

दिवाळी सरली. जावळाच्या दिवशी भाऊ सकाळीच आला. तो हसतमुख राहायचा प्रयत्न करत होता आणि ते त्याला अजिबात जमत नव्हतं. त्याच्या खिशातला फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा त्यानं तो बंद केला. गिऱ्हाइकाचाच असणार. आईनं अंगणात घोंगडी अंथरली. अण्णा बसले. पहिल्या कोकराला आईनं हळदकुंकू लावलं आणि त्यांच्या मांडीत दिलं. यंदा ते काळं कोकरूच पहिलं होतं, पाच महिन्यांचं, चांगलं भरलेलं. मी म्हटलं, एखादं लहान घ्या की. अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मुकाट्यानं कातर त्यांच्या हातात दिली.

कातर चालायला लागली. अण्णांचा हात अजून इतका हलका आहे की कोकरू डोळे मिटून पडलं होतं. काळं जावळ घोंगडीवर साचत गेलं. मला वाटत होतं, हे काम संपूच नये. पण संपलं. अण्णांनी कातर बाजूला ठेवली, कोकराच्या पोटाखाली दोन्ही हात घातले, नाक पुढं आणलं आणि उठायला लागले.

अर्ध्यावर ते थांबले. मांड्या धोतरातून थरथरताना दिसत होत्या. ना वर, ना खाली. भाऊ धावला. आईनं आडवा हात घालून त्याला अडवलं. तिचं लक्ष अण्णांवरच होतं. मग अण्णा सावकाश पुन्हा खाली बसले. हात टेकला नव्हता, कोकरू सोडलं नव्हतं, पण ते उठलेही नव्हते. मला वाटलं, संपलं, आणि हे माझ्याच हट्टामुळं सगळ्यांच्या देखत संपलं.

अण्णा मात्र घाईत नव्हते. रीतीत खेपा मोजत नाहीत. त्यांनी चार श्वास घेतले. काडाची आग विझली की पुन्हा पेटायला थोडा वेळ लागतो, हे मीच त्यांना सांगितलं होतं, पण त्या क्षणी मीच विसरले होते. त्यांनी टाचा घोंगडीत नीट रोवल्या, कोकरू छातीशी घट्ट घेतलं, मान पुढं टाकली आणि उठले. एकदाही न थांबता. उभे राहिल्यावर थोडे झुलले, मग स्थिर झाले. कोकरानं जांभई दिली.

मी रडले. हसतही होते. आईनं डोळे पुसले नाहीत, तशीच उभी राहिली आणि म्हणाली की कोकराला आता खाली सोडा, ते दमलं असेल. भाऊ अण्णांच्या पाया पडला, खिशातून फोन काढला आणि लांब जाऊन कुणाशी तरी बोलला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा खरोखर मोकळा झाला होता. त्या आनंदात त्यानं एक चूक केली. मीही बघतो म्हणाला, आणि तेच कोकरू घेऊन घोंगडीवर बसला.

शेचाळीस वर्षांचा माझा भाऊ, खुर्चीवर बसून सरकारी काम करणारा, तो काही उठला नाही. तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा पाठीवर पडला आणि कोकरू त्याच्या पोटावर उभं राहिलं. अण्णांनी कोकरू उचललं, मग हात देऊन त्याला उठवलं आणि फक्त एवढंच विचारलं की खुर्ची माळ्यावरच ठेवायची का खाली काढायची. भाऊ म्हणाला, माळ्यावरच राहू द्या. मला कुणी बसायला सांगू नये म्हणून मी पटकन भजी तळायला आत गेले.

दुपारी जेवणं झाल्यावर अण्णा मेंढरं सोडायला निघाले, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. तिथं थांबून त्यांनी विचारलं, पुस्तकात काय लिहिलंय, अजून किती वर्षं असं उठता येईल. मला खोटं बोलता आलं असतं. मी खरं सांगितलं. काम पाडत राहिलं तर चुली पेटत राहतात, पण दर वर्षी थोड्या कमीच होतात. एखाद्या वर्षी त्या पुरणार नाहीत. मला ते सांगताना फार वाईट वाटलं आणि अण्णांना ते दिसलं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "तसं झालं तर तू वर्गातल्यावानी सांगत बसू नगं. तुज्या भावानंबी सांगायचं न्हाय. माझ्या मांड्या हायत, म्याच सांगीन."

मी बरं म्हटलं. मेंढरं पुढं गेली होती, त्यांना गाठायला अण्णा लांब टांगा टाकत निघून गेले.